येथे खरं सांगितल्यास जोडून मिळेल

तमाम नागपूरकर, कोराडी रोडवरचे समस्त ट्रकवाले आणि लोखंडाबद्दल ज्यांना थोडीफार माया आहे अशा सर्व स्त्री-पुरुषांना अत्यंत जड अंतःकरणानं कळवण्यात येतं की, माझ्या मोटरसायकलचा मागचा डावा ब्रॅकेट एका रविवारी सकाळी हवेतून जमिनीवर येताना तुटला. त्याच्या पश्चात एक उजवा ब्रॅकेट, दोन चाकं आणि एक पत्नी असा परिवार आहे. पत्नी माझी आहे. गाडी हवेत गेली होती हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि ते तिला कळू नये म्हणून मी जी काही धडपड केली, त्या धडपडीतच मला तो माणूस भेटला, ज्याच्याबद्दल मला खरं तर सांगायचं आहे.

आधी गाडीचं सांगतो. ही गाडी दगडधोंड्यांतून, नदीच्या पात्रातून, शेताच्या बांधावरून चालवायची. उंचीनं उंट आणि आवाजानं गिरणी. मी ती बावन्नाव्या वर्षी घेतली. एका सरकारी कार्यालयात आयुष्यभर टेबलामागे बसलेल्या माणसानं असली गाडी का घ्यावी, हे आमच्या गल्लीत अजून कुणाला कळलेलं नाही. मलाही नाही. पण बायकोनं हो म्हटलं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिचा होकारही अटीसकट आला. "चालवा कुठंही. पण दोन्ही चाकं जमिनीवर. एकदा जरी हवेत गेली, तर दुसऱ्या दिवशी गाडी विकायची." मी वचन दिलं. लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती, आणि त्या दिवशी याच गाडीवर मागं बसून चिखलदऱ्याला यायचं तिनं कबूल केलं होतं. मागच्या सीटसाठी उशीसुद्धा तिनं स्वतः शिवली होती.

आणि वचन मोडलं ते एका शब्दानं. वीज केंद्राची राख साठवायच्या जुन्या बंधाऱ्यावर रविवारी काही तरुण मंडळी गाड्या उडवत होती. मी नुसता बघायला गेलो होतो, शपथेवर सांगतो. त्यांच्यातली हेल्मेट घातलेली एक मुलगी अतिशय प्रेमळ आवाजात म्हणाली, "अंकल, तुम्ही खालूनच या." बस. पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी वर होतो, खाली राख होती, आणि मग मी राखेत होतो. हेल्मेटची काच सैल होऊन लोंबत होती आणि मागची सीट शेपूट पाडलेल्या कुत्र्यासारखी खाली वाकली होती.

मागची सीट ज्या छोट्या चौकटीवर असते, ती मोठ्या चौकटीला दोन लोखंडी कानांनी धरलेली असते. त्यातला डावा कान तुटला होता आणि चीर मोठ्या चौकटीपर्यंत गेली होती. शोरूमवाल्यानं अख्खी चौकट बदलायला सांगितली. चौकट बदलली की तिच्यावरचा नंबर बदलतो, आणि नंबर बदलला की आरटीओच्या ज्या खिडक्यांवर उभं राहावं लागतं, त्यापेक्षा माणसानं पायी चालावं. शेवटी एका ट्रकवाल्यानं सांगितलं, "कोराडीच्या क्वार्टरांमागं एक काका आहे. तो जोडते. पण त्याच्यासमोर खोटं नोको बोलजो."

मला वाटलं, हा गंमत करतोय.

टिनाची शेड, समोर कडुनिंब आणि त्याला टांगलेली पाटी: "येथे खरं सांगितल्यास जोडून मिळेल." आत एक सत्तरीचा, काटकुळा, ताठ माणूस. कुठल्याशा वीज केंद्रात त्यांनी बॉयलरच्या नळ्या जोडण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. आमच्याकडे कोराडी, खापरखेडा, मौदा अशी केंद्रं इतकी आहेत की नेमकं कुठलं ते मी कधी विचारलंच नाही. कपाळावर वेल्डिंगचा काळा मुखवटा वर सरकवलेला. तो मुखवटा ते चहा पितानाही काढत नसत, आणि त्याचं कारण मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं.

"कसं तुटलं गा?" त्यांनी विचारलं.

"खड्डा होता, काका."

त्यांनी मान अशी एक झटकली. खाप्‌! मुखवटा चेहऱ्यावर आला. काळ्या काचेमागून एकही शब्द नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो, खाकरलो, "मोठा खड्डा होता" अशी भर घातली. मुखवटा हलला नाही. मग बाकावर बसलेला एक शेतकरी हळूच म्हणाला, "जा भाऊ आता. तुमचं झालं."

एवढंच ते न्यायालय. कोणी खोटं बोललं की मान झटकायची, मुखवटा पाडायचा, आणि समोरचा जाईपर्यंत तो वर करायचा नाही. भिंतीवर खडूनं रेघा मारलेल्या होत्या. त्या कसल्या, ते मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "जो येते तो खड्डा सांगते. नागपुरात एवढे खड्डे नाही, जेवढे माह्या शेडमध्ये आले."

दुसऱ्या खेपेला मी स्पीड ब्रेकर घेऊन गेलो. म्हणजे कारण म्हणून. खाप्‌! तिसऱ्या खेपेला मी काहीच घेऊन गेलो नाही, गाडीही नाही. नुसता बाकावर जाऊन बसलो. आणि तिथून मला त्या माणसाचं वेड लागलं ते लागलंच. ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तिथं बसू लागलो. नाटकाचं तिकीट काढूनसुद्धा इतकं बघायला मिळत नाही.

एकदा एक भारदस्त बाई तुटलेली लोखंडी खुर्ची घेऊन आल्या. "कसं तुटलं?" बाई म्हणाल्या, "मी जाड, खुर्ची बारीक." काकांनी त्यांना बसायला स्वतःचं स्टूल दिलं, चहा दिला आणि हातातलं काम बाजूला ठेवून आधी खुर्ची घेतली. एक ट्रॅक्टरवाला ट्रॉलीचा हूक घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "लालचीपणा केला, काका! जास्तीचा भरला माल!" त्याचं काम अर्ध्या तासात झालं. आणि एकदा लग्नघरातून लोखंडी पलंग आला. म्हणे पाहुण्यांची पोट्टी त्यावर उड्या मारत होती. खाप्‌! पलंग दोन दिवस कडुनिंबाखाली पडून राहिला. तिसऱ्या दिवशी वरपिता स्वतः आले, इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "मीच नाचलो जी त्याच्यावर." मुखवटा वर गेला.

पण खरी मौज पुढं होती. पलंग जोडून झाल्यावर काकांनी वरपित्याच्या खांद्यावर गव्हाचं अर्धं पोतं दिलं आणि म्हणाले, "चढा. आता नाचा."

"पोतं काहून, काका?"

"बॉयलर दुरुस्त झाला का त्याले दीडपट दाब देऊन पाहतेत. तुम्ही एकटे नाचले, तवा तुटला. आता दीड माणूस नाचन. नाही तुटला, तर घेऊन जा."

वरपिता पोतं घेऊन नाचले. पलंग टिकला. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काकांना खरं कारण हवं असे ते कुणाला लाजवायला नाही. जोड कशानं तुटला, किती जोरानं तुटला, हे कळल्याशिवाय त्याची दीडपट काढायची कशी? खोट्याची दीडपट काढली तर मोठं खोटं येतं, बस.

त्यांच्या बाकीच्या तऱ्हाही याच जातीच्या होत्या. वेल्डिंगच्या रॉडला जराही ओल चालत नाही म्हणून ते रॉड पोळ्यांच्या गरम डब्यात ठेवत. डबा काकूंचा होता. त्यामुळे काकूंच्या घरात पोळ्या फडक्यात आणि रॉड डब्यात, अशी वर्षानुवर्षं व्यवस्था होती. लोखंडाची चीर ते वासानं ओळखतात असं लोक सांगत. ते काही खरं नाही, पण चिरेवर रॉकेल फिरवून, पुसून, वर तान्ह्या बाळाची पावडर शिंपडत, आणि चिरेत मुरलेलं रॉकेल पावडरीवर केसासारखी रेघ काढू लागलं की पुटपुटत, "बोल बापा, बोल." लोखंडसुद्धा त्यांच्यापुढं कबुलीजबाब देत असे.

जगात ते फक्त एका माणसाला भीत. त्यांची जुनी मोटरसायकल काकूंनी परस्पर भाच्याला देऊन टाकली होती, कारण अशीच कुठलीतरी दीडपट तपासताना काका तिच्यासकट नालीत गेले होते. काकूंनी बजावून ठेवलं होतं, "पुन्हा दोन चाकाच्या गाडीवर बसले, तर मी मौद्याले पोराकडे चालली जाईन. मग जोडत बसा एकटे." तेव्हापासून काका सगळीकडं पायी जात.

शेवटी एका दुपारी शेडमध्ये दुसरं कुणी नसताना मी स्टुलावर बसलो आणि सांगून टाकलं. बंधारा, ती मुलगी, अंकल, सगळं. मुखवटा जागचा हलला नाही. काका डोळे बारीक करून म्हणाले, "मागच्या शिटावर कोण बसते?"

"बायको."

"मंग तिले आण. जोड तिच्यासाठी हाये. तुटला कशानं, ते तिच्यासमोर सांगजो."

"काका, ती गाडी विकून टाकेल!"

"मंग इकू दे."

मी गाडी शेडमध्ये ठेवून आलो आणि आठ दिवस टाळलं. चिखलदऱ्याचा दिवस जवळ येत होता आणि बायको रोज विचारत होती, "अहो, झाली का गाडी?" गाडी खड्ड्यात आपटून तुटली असंच तिला माहीत होतं. शेवटी मी तिला घेऊन गेलो. कडुनिंबाखाली तिनं पाटी वाचली आणि म्हणाली, "किती छान! असं शाळेत लावायला पाहिजे."

काकांनी बॅटरीची तार सोडवून ठेवली होती, रंग खरवडून लोखंड चांदीसारखं उघडं केलं होतं. हातमोजे चढवले, डब्यातून गरम रॉड काढला आणि माझ्याकडं बघितलं.

"बोल गा. कसं तुटलं?"

बायको माझ्याकडं बघत होती. उशी तिनं सोबत आणली होती, लावून बघायला. मी तोंड उघडलं, आणि काय सांगू, तोंडातून आलं, "खड्डा..."

खाप्‌!

काकांनी रॉड परत डब्यात ठेवला. झाकण लावल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. बायको गोंधळून कधी मुखवट्याकडं, कधी माझ्याकडं बघू लागली. "काय झालं? काका काहून थांबले?"

"कारण मी खोटं बोललो," मी म्हणालो. "खड्डा नव्हता. मी राखेच्या बंधाऱ्यावरून उडी मारली."

मुखवटा हळूच वर गेला. बायकोनं विचारलं, "किती?"

"काय किती?"

"उंची."

"दोन फूट."

"पडलात?"

"गाडी पडली. मी तिच्यासोबत होतो."

"घरी गेल्यावर बोलू," ती म्हणाली. आमच्या घरात या वाक्यानंतर काही बोलायचं उरत नाही. गाडी गेली, हे मी समजून चुकलो. ती काकांना म्हणाली, "राहू द्या काका. आता विकायचीच आहे."

काका म्हणाले, "इका ना बाई. पण जोडून इका. घेणाऱ्याच्या मागंही कोणाची तरी बायको बसन."

ती उशी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली.

मग मी त्या माणसाचं काम पाहिलं. आधी चिरेच्या टोकाला सुईएवढं भोक पाडलं. "चीर पळते. तिच्या पुढं जाऊन उभं राहावं लागते." मग चिरेला घासून खोबण केली आणि थोडं जोडायचं, थांबायचं, पुन्हा थोडं जोडायचं. घाई नाही, ठिणग्यांचा तमाशा नाही. रॉडचं टोक सरकत होतं ते माझी बायको उशीवरची शिवण घालताना जशी सुई सरकवते, तसं. तिच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण ती स्टूल पुढं ओढून, काकांनी दिलेली काळी काच डोळ्यांपुढं धरून बघू लागली. पाठीमागून एक पोलादी पट्टीही बसवली. मग गरम राखेची पोटली जोडावर बांधली, हळूहळू थंड व्हावा म्हणून.

जोड निवेपर्यंत चहा झाला. बायकोनं विचारलं, "काका, खऱ्याचा एवढा आग्रह काहून?"

ते ग्लासात बघत म्हणाले, "मी नवा होतो. माहे उस्ताद होते. एक दिवस रॉड गरम न करताच जोड मारला. उस्तादनं विचारलं, रॉड तापवला होता का? मी म्हणलं, हो. मंग पाण्याचा दीडपट दाब देऊन पाहाले लागले. उस्तादची आदत होती, पोट्ट्याच्या जोडावर भरोसा आहे हे दाखवाले त्याच्यासमोर जाऊन उभे राहत. जोड फुटला. थंडीचे दिवस. उस्ताद डोक्यापासून पायापर्यंत ओले." काका थांबले. "एक शब्द नाही बोलले मले. दिवसभर तसेच ओल्या कपड्यांत काम करत राहिले. शिव्या देल्या असत्या, तर इसरलो असतो."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. ते कसं होतं, ते मला अजून सांगता येत नाही.

पोटली सोडली. काकांनी जोडावर बोट फिरवलं आणि उभे राहिले. "चला. दोन फुटाचे दीडपट?"

"तीन," गणिताच्या बाई आपसूक बोलून गेल्या.

शेडमागं राखेचा एक उतरता ढीग होता. मी हेल्मेट उचललं. बायको म्हणाली, "तुम्ही बसा." काकांनी हेल्मेट माझ्या हातातून घेतलं. "जोड माहा, तर बसीन मी."

"काका! काकूंना कळलं तर?"

"ते दळण आणाले गेली. पंधरा मिनिटं हायेत." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "तिनं इचारलं, तर मी खोटं नाही बोलणार. म्हणून ते इचाराच्या आत वापस येतो."

तीन फूट मोजायचं कसं? इथं माझ्या पंचवीस वर्षांच्या संसाराला मी नव्यानं ओळखलं. बायकोनं उशी बाजूला ठेवली, कोपऱ्यातला बांबू उचलला, काकांच्या टेपनं तीन फुटांवर खडूची खूण केली आणि पदर खोचून ढिगाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. "इथून जायचं, काका! खुणेच्या वरून!"

काका आले. सत्तर वर्षांचा माणूस, पायात चपला, डोक्यावर माझं हेल्मेट, पाठ सरळ. ढिगावर चढले, आणि उडाले. खरंच उडाले! क्षणभर वर निळं आकाश, खाली माझी बायको, आणि मधून तो म्हातारा, खुणेच्या वीतभर वरून. चाकं धप्पकन टेकली, सीट जराही हलली नाही, आणि माझी बायको बांबू उंचावून किंचाळली, "साडेतीन! साडेतीन, काका!"

जोड टिकला. काका नाही टिकले. वळताना आमच्याकडं बघून एक हात वर केला, तेवढ्यानं तोल गेला, आणि गाडीसकट राखेच्या ढिगात आडवे झाले. आम्ही धावलो. लागलं काही नव्हतं, पण डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, फक्त डोळे लुकलुकत होते. हसत होते. मीही हसत होतो. बायको तर खाली बसून हसत होती.

आता ती शेड बंद आहे. काका-काकू दोघंही मौद्याला मुलाकडं राहतात, आणि पाटी कडुनिंबावर अजून लटकते आहे. चिखलदऱ्याला आम्ही गेलो, उशी लावून. गाडी आजही आमच्या दारात आहे. विकण्याचा विषय बायकोनं पुन्हा काढला नाही, आणि त्याला कारण त्या दुपारचं शेवटचं मिनिट आहे.

आम्ही काकांची राख झटकत होतो, इतक्यात शेडच्या कोपऱ्यावरून काकू आल्या. डोक्यावर पिठाचा डबा. त्यांनी आडवी गाडी बघितली, माझ्या बायकोच्या हातातला बांबू बघितला, पांढराफटक नवरा बघितला. डबा सावकाश खाली ठेवला.

"काय झालं?"

काकांनी तोंड उघडलं. मिटलं. खोटं बोलणार नव्हते, आणि खरं बोलले तर काकू चालल्या मौद्याला. एवढ्या वर्षांच्या सवयीनं त्यांनी मान झटकली. मुखवटा तर शेडमध्ये राहिला होता, पण माझ्या हेल्मेटची ती सैल काच टप्‌ करून खाली पडली आणि काका तिच्यामागं गप्प झाले.

काकू माझ्याकडं वळल्या. मी बायकोकडं बघितलं. जिच्यासमोर मला शेडमध्ये खरं बोलावं लागलं, जिनं आयुष्यात कुठल्या पोराला चुकीच्या उत्तराला अर्धा गुण दिला नाही, ती माझी बायको एक पाऊल पुढं आली, दोन्ही हात होते तेवढे फाकवले, आणि ओरडली,

"खड्डा होता, काकू! हा एवढा!"